अंगदच्या गोळ्या

१

तानाजीरावांनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग डॉक्टर प्रणिताच्या पुढ्यात पडला. प्रत्येक पाकिटाचे खळगे फोडलेले. एकातही गोळी शिल्लक नव्हती.

“बघा,” सावरगव्हाणचे उपसरपंच तानाजीराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, पण डोळे पाणावले होते. “पोरानं एक गोळी वाया घालवली न्हाई. तरी परवा आमी त्याला जाळून आलो. आता तुमीच सांगा, ह्यात औषध व्हतं का नुस्ती खडूची भुकटी?”

अंगद गेल्याचा फोन आला तेव्हा प्रणिता बीडला होती. आज शिरूर कासारच्या दवाखान्यात पाय ठेवला, तर समोर हे.

ती जिल्ह्याच्या क्षयरोग विभागात डॉक्टर होती. अंगदचे उपचार तिनेच सुरू केले होते. ऊस तोडायला गेलेला हा तरणाबांड पोरगा खोकत खोकत परतला तेव्हा साध्या टीबीची औषधं त्याच्यावर चालेनाशी झाली होती. गावात ज्याला ‘बिघडलेला टीबी’ म्हणतात, तो हा. मग तिने चार जालीम औषधं एकत्र सुरू केली. पाचवं त्याला सोसलं नाही म्हणून लवकरच थांबवलं, पण या चारांवर तिचा भरवसा होता.

“चार कावून?” अंगदने तेव्हा विचारलं होतं. “एकच मोठी द्या की.”

“एकानं भागत नाही रे,” ती म्हणाली होती. “जंतूंच्या गर्दीत एखाद्या औषधाला चकवणारे चार-दोन असतातच. ते दुसऱ्या औषधाच्या तावडीत सापडतात. त्यातूनही सुटले, तर तिसरं आहे, चौथं आहे. सगळी एकदम गेली की एकालाही पळायला वाट राहत नाही. आणि ऐक, ही तपकिरी कॅप्सूल आहे ना, हिनं अंग काळवंडतं. घाबरायचं नाही.”

तो हसला होता. “उसाच्या फडातून आलोय, मॅडम. आनखी काय काळा व्हनार? बैलाला शीळ घालायपुरता दम आला, तरी बास झालं.”

“मॅडम, ऐकताय न्हवं?” तानाजीरावांनी टेबलावर हात आपटला. “गोळ्या देणारी आशाताई हाय ना आमची, रतनबाई, तिनंच घोळ केला. खऱ्या गोळ्या इकल्या आन् पोराला भलतंच चारलं. उद्या आमी ठाण्यात जाणार. गावानं तिचं पाणी बंद केलंय.”

“पुरावा काय?”

तानाजीराव पुढे वाकले. “पुरावा? काल पोरं तिच्या घरात घुसली. तिच्या पत्र्याच्या पेटीत गोळ्या घावल्या, मॅडम. त्याच गोळ्या. भरल्या पाकिटातल्या.”

२

रतनबाईच्या दाराला आतून कडी होती. प्रणिताने नाव सांगितलं तेव्हा कुठे ती निघाली. अंगणातला रांजण कोरडा पडला होता, आणि दोनच दिवसांत त्या बाईचं तोंड ओळखू येऊ नये असं सुकलं होतं. प्रणिताबरोबर जीपमधून दवाखान्याच्या औषधभांडाराचा बंकटही आला होता. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. संशय त्याच्यावरही होता. अंगद आजारी असताना गेवराईच्या बाजारात त्याला औषधांची पिशवी घेऊन फिरताना कुणीतरी पाहिलं होतं.

“पेटीतल्या गोळ्या दाखवा,” प्रणिता म्हणाली.

रतनबाईने पाकिटं मांडली. “ह्या आठवड्याच्या हायती. घेऊन निगालते, तर वाटंतच कळलं, अंगद गेला म्हणून. मंग कुणाला देऊ? परत करायला यायचं, तर गावानं घराबाहेर पडू दिलं न्हाई.”

प्रणिताने पाकिटं उलटून पाहिली. चारही औषधं होती, ठरल्या प्रमाणात. विकायला चोरलेला माल असा नसतो. चोर महागडी गोळी तेवढी ठेवतो, बाकीची उकिरड्यावर टाकतो.

“आणि बंकटराव, गेवराईचं काय?”

“बायकोच्या शुगरच्या गोळ्या, मॅडम. तितं सस्त्या मिळत्यात.” बंकटच्या कपाळाला घाम फुटला होता. “ह्या औषधाला मी हात लावतो व्हय? माजा सख्खा भाऊ गेलाय टीबीनं.”

प्रणिताच्या मनात तानाजीरावांनी ओतलेला तो ढीग घोळत होता. ती सगळी पाकिटं अंगदच्या घरातून आली होती. म्हणजे दवाखान्यातून निघालेली प्रत्येक गोळी त्या घरापर्यंत पोचली होती. मधल्या मधे कुणी पळवली असती, तर पाकीटही तिच्याबरोबर गेलं असतं. बंकट सुटला, रतनबाईही सुटली. पण मग त्या पाकिटांतलं औषध गेलं कुठे?

“रतनबाई, खरं सांगा. तो तुमच्या डोळ्यांसमोर गोळ्या घ्यायचा का?”

रतनबाईने खाली पाहिलं. “पैल्यांदा घ्यायचा. मंग केसरबाई म्हणाली, रोज कावून हेलपाटा मारतीस गं, माय हाय मी त्याची, माज्या हातानं देते. मलाबी दूरदूरच्या वस्त्या फिरायच्या असत्यात. मायपरीस कोण जास्त ध्यान देणार, मॅडम?”

“घरातल्या बाकीच्यांची तपासणी?”

“केसरबाईची झाली. चांगली निगाली. सायलीची, त्याच्या बहिणीची, ऱ्हायली. ती मामाकडं पाटोद्याला गेलती. तिची सुपारी फुटलीय ना, लगीन ठरलंय गेवराईकडच्या पोराशी.”

प्रणिता उठली. दारापर्यंत पोचली, तोच रतनबाईने मागून तिचा हात धरला.

“मॅडम, पोरगा सुधरला व्हता हो. सुरवातीला वजन वाढलं, भूक लागायली. मला म्हणला, मावशी, आता तुज्या पोरीच्या लग्नात नाचतो. आन् मंग कायतरी झालं. त्या घरात कायतरी झालं.”

३

केसरबाईचं घर गावाच्या कडेला होतं. वर पत्रे, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. दुःखाच्या घरी जमतात तशी चार माणसं होती. शेजारची वत्सलाबाई चुलीपाशी होती, आणि केसरबाईचा भाऊ मुंजाजी पाटोद्याहून आलेला, भिंतीला टेकून बसला होता.

केसरबाई प्रणिताला पाहून उठली नाही. बसल्या जागी सरकून तिने घोंगडीवर जागा केली.

“या बाई. तुमी तरी काय करणार.”

नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन फडावर कोयता चालवलेली ही बाई. तिच्या हातांवर उसाच्या पात्यांचे जुने ओरखडे होते. ती रडत नव्हती. बोलायची ती विचारलेल्याचं उत्तर म्हणून, तेवढंच.

“शेवटी त्याला काय त्रास व्हायचा, मावशी?”

“तळपायाची आग. निखाऱ्यावर ठिवल्यावानी. मी बसायची पाय चोळत. मंग पायाला काई कळंनाच. चप्पल निसटली, तरी त्याला कळायचं न्हाई.”

प्रणिताने मान हलवली. हे चार औषधांपैकी एकाचंच, लिनेझोलिडचं काम. म्हणजे औषध त्याच्या पोटात जात होतं. खडूच्या भुकटीने पाय जळत नाहीत.

भिंतीवर दोन फोटो होते. एकाला हार घातलेला.

“म्याच काढलेला हाय,” मुंजाजी म्हणाला. “गेल्या महिन्यात आलतो तवा, मोबाइलवर. दुसरा चांगला फोटोच न्हवता पोराचा.”

अंगदचे गाल आत गेले होते, गळ्याची हाडं वर आली होती. पण तो गव्हाळ होता. उन्हातून उठून घरात बसल्यामुळे उलट उजळलेला. प्रणिता त्या चेहऱ्याकडे पाहतच राहिली. त्यात काहीतरी चुकत होतं, आणि काय ते तिला नेमकं धरता येत नव्हतं.

दुसरा फोटो सायलीच्या सुपारीचा होता. हिरवी साडी, कपाळभर मळवट, गोरीपान हसरी पोरगी.

तेवढ्यात सायली पाण्याचा तांब्या घेऊन आली. ओढणीने नाकापर्यंत तोंड बांधलेलं. तांब्या पुढे करणारा हात तांब्याच्याच रंगाचा होता, वर काळसर झाक. ती मागे न पाहता आत गेली.

“बघा कशी झाली पोर,” वत्सलाबाई हळूच म्हणाली. “भावाच्या दुःखानं काळवंडली. सासरची मानसं बघायला आलती, तर नाकं मुरडून गेली.”

“कधी आली होती ती माणसं?”

“झाला की महिना-दीड महिना.”

प्रणिताने तांब्या खाली ठेवला. महिना-दीड महिन्यापूर्वी अंगद जिवंत होता.

आतून खोकल्याची उबळ आली. कोरडी, दाबलेली, तोंडात कापड कोंबून खोकावं तशी.

“कोण खोकतंय?”

“शेळी,” केसरबाई पटकन म्हणाली. दिवसभरात ती एवढ्या घाईने एकदाच बोलली असावी. “शेळीला पडसं झालंय, बाई.”

शेळ्या खोकतात, आणि अगदी माणसासारख्या खोकतात, हे प्रणितालाही ठाऊक होतं. तिने विषय वाढवला नाही. मुंजाजी तिला जीपपर्यंत सोडायला आला.

“सायली बरेच दिवस होती ना तुमच्याकडे पाटोद्याला?” तिने सहज विचारलं.

मुंजाजी थांबला. “माज्याकडं? न्हाई बा. दिवाळीपास्नं भाची आली न्हाई आमच्या घरी. लई बोलावलं.”

त्याच वेळी माळावरून घंटा वाजल्या. एक म्हातारी शेळ्या हाकत घरांकडे वळत होती.

“ह्या कुणाच्या?”

“केसरच्याच की. दिसभर माळावर असत्यात.”

शेळ्या एकामागून एक केसरबाईच्या अंगणात शिरल्या. त्यांच्यातली एकही खोकत नव्हती.

४

जीप शिरूरच्या वाटेला लागली आणि फोन वाजला. मोठ्या प्रयोगशाळेतला डॉक्टर संगमेश्वर बोलत होता. तो प्रणिताबरोबर शिकलेला.

“तुझ्या पेशंटचा शेवटचा बेडका वाढायला ठेवला होता ना, त्याचं उत्तर आलं. कसा आहे तो?”

“गेला.”

“मग हे ऐकून उपयोग नाही तुला.”

“आहे. सांग.”

“चमत्कारिक आहे. लिनेझोलिड आणि लेव्होफ्लॉक्सॅसिनला जंतू दाद देत नाहीत. पूर्ण निर्ढावलेत. पण बेडाक्विलिन आणि क्लोफाझिमिनला अगदी पहिल्या दिवसासारखे मऊ आहेत. लगेच मरतात. तू ही दोन्ही देत होतीस ना?”

“चारही देत होते.”

“मग ते मरायला हवे होते, प्रणिता. नाहीतर चारही औषधांना निर्ढावायला हवे होते. असं अर्धंअर्धं कसं?”

तिने ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. बाहेर उसाचे रिकामे ट्रॅक्टर जात होते. मागे बसलेला बंकट तिच्या तोंडाकडे पाहत होता.

ज्या औषधाशी जंतूची गाठच पडली नाही, त्याला चकवायला तो शिकत नाही. म्हणजे अंगदच्या शरीरातल्या जंतूंनी त्यातली दोन औषधं पुरती ओळखली होती, आणि उरलेली दोन, सुरुवातीचे काही दिवस सोडले, तर पाहिलीसुद्धा नव्हती. पाय जळत होते, कारण लिनेझोलिड पोटात जात होतं. चेहरा मात्र गव्हाळच राहिला. क्लोफाझिमिनची तपकिरी कॅप्सूल खाणारा माणूस महिन्या-दोन महिन्यांत काळवंडतो. अंगद काळवंडला नव्हता. फोटोत चुकत होतं ते हेच.

चोराने महागडी बेडाक्विलिन पळवली असती, तर ते एकवेळ समजलं असतं. पण तपकिरी कॅप्सूल कशाला? बाजारात तिला कुत्रंही हुंगत नाही. ही दोन औषधं जोडीने, तीही महिनोन्‌महिने, घरातल्या घरात रोज कुणीतरी उचलत होतं. ती एकाच माणसाच्या कामाची होती. ज्याला अंगदचाच आजार आहे, त्याच्या.

आणि त्या घरातलं कोण काळवंडलं होतं?

“बंकटराव,” प्रणिता म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच परका वाटला तिला. “चोरी झालीच नाही. कुणीही काहीही चोरलं नाही.”

“मंग पोरगा मेला कशानं, मॅडम?”

ती पुढे वळली. ड्रायव्हरला म्हणाली, “गाडी मागं घ्या. परत सावरगव्हाण.”

५

ती परतली तेव्हा अंगण मोकळं झालं होतं. सायली उंबऱ्यावर बसून गहू निवडत होती. आईने आतून पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं.

प्रणिताने तोंडाला मास्क लावला आणि पोरीशेजारी बसली. “सायली, दादाची आठवण येते?”

एवढंच विचारलं होतं. पण इतके दिवस तिला हे कुणी विचारलंच नव्हतं बहुधा. प्रत्येक जण सायलीला सांगून गेला होता, रडू नको, आईकडं बघ. तिचा बांध फुटला. “मला सायकल शिकवली त्यानं,” ती म्हणाली. “पडले तरी मागून हात सोडला न्हाई.” पुढचं शब्दांत आलं नाही. तिने पांढऱ्या ओढणीचा पदर दोन्ही डोळ्यांना लावला आणि हुंदके देऊन रडली.

पदर खाली आला तेव्हा त्यावर डाग होते. ओले, फिकट तांबूस. पानाचं पाणी सांडावं तसे. काजळाचे नव्हते ते, काजळ तिने घातलंच नव्हतं.

क्लोफाझिमिन खाणाऱ्या माणसाचा घाम तांबूस होतो. आणि डोळ्यांतलं पाणीही. पुस्तकात वाचलेलं होतं प्रणिताने. पाहिलं आज पहिल्यांदा.

“तू कुठली औषधं घेतेस का गं?”

“रक्त वाढायच्या गोळ्या. मामाच्या वळखीच्या डॉक्टरनं दिल्यात. आई देती.” तिने भाबडेपणाने पाहिलं. “त्याच्यानंच रंग गेला का, मॅडम?”

“सायली, शेळ्यांना पाणी दाव,” केसरबाई दारात येऊन म्हणाली. पोरगी गेली.

दोघीच उरल्या. प्रणिताने आवाज चढवला नाही. “मावशी, सायलीला कधीपासून खोकला आहे?”

केसरबाई उभीच होती. मग ती उंबऱ्यावर बसली.

“अंगदच्या मागनं. म्हैनाभरानं. थुंकीत रगत दिसलं मला एकदा. सुपारी फुटली व्हती, बाई. पोरीला टीबी हाय म्हणून कळलं असतं, तर ती जलमभर घरात ऱ्हायली असती. भावाचं नाव तर फुटलंच व्हतं, हिचं तरी कावून फुटू द्यावं?”

“म्हणून अंगदच्या गोळ्यांतल्या हिला दिल्या.”

“चार व्हत्या,” केसरबाई म्हणाली. “मोडून अर्धी-अर्धी दिली असती, तर गोळीचा जोर गेला असता. म्हणून आख्ख्या दिल्या. दोन त्याला, दोन हिला. तुमीच म्हणलतं, चारी लई जालीम हायती. मला वाटलं, चार बैलांची गाडी दोन बैल वडत न्हाईत का? हळू वडतील, पर वडतील. अंगदला सांगितलं, डॉक्टरनी कमी केल्यात, आजार उतरला म्हणून. खरंच उतरला व्हता हो तवा. हसला. म्हणला, आई, म्हंजे सुटलो मी.”

ती हाताचा पंजा जमिनीवर फिरवत राहिली, जणू सारवण चाचपतेय.

“एका भाकरीवर दोघांना वाढवलंय मी. फडावर भाकरी कमी पडायची, तर मधूमध मोडायची. अर्धी त्याला, अर्धी हिला. पोरगा म्हणून त्याला जास्ती न्हाई, पोरगी म्हणून हिला कमी न्हाई. जल्मात कधी उजवं-डावं केलं न्हाई. ह्यात कसं करू?”

प्रणिताला समोरच्या बाईकडे पाहवेना. हिला काय सांगायचं? की भाकरीचे दोन वाटे होतात, या औषधाचे होत नाहीत. चारही एकत्र असतील तरच त्यात जीव आहे. मोडली की दोघांच्याही जंतूंना पळायला वाट मिळते, आणि पळून गेलेले जंतू शिकून परत येतात.

“मंग माज्या हातानं गेला का त्यो?” केसरबाईने विचारलं.

“आजारानं गेला, मावशी.”

“मी आजाराचं इचारलं न्हाई, बाई.”

खोटं बोलायला प्रणिताचं तोंड उघडत नव्हतं आणि खरं बोलायला धजत नव्हतं. केसरबाईने तिच्या गप्पपणातून काय ते समजून घेतलं. ओरडली नाही, छाती बडवली नाही. नुसती मान हलवत राहिली, कुणी हिशोब पटवून द्यावा आणि तो पटावा तशी.

“तिला सांगू नका,” एवढंच म्हणाली.

पण गोठ्याच्या कुडाला फटी होत्या. बादली खाली पडल्याचा आवाज झाला आणि पाणी अंगणभर पसरलं. कुडाआडून सायली पुढे आली.

“आई,” ती म्हणाली, “त्या दादाच्या गोळ्या व्हत्या?”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाजीराव चार माणसं घेऊन ठाण्याला जायला पारापाशी जमले. प्रणिता त्यांना थांबवायला पोचली, पण तिला बोलावं लागलं नाही.

केसरबाई हापशावरून भरलेली घागर डोक्यावर घेऊन आली. दुःखातली बाई अशी रस्त्याने येत नाही, म्हणून माणसं बोलायची थांबली. ती कुणाकडे न पाहता पारावरून पुढे गेली आणि रतनबाईच्या कोरड्या रांजणात घागर रिकामी केली. मग वळली.

“तानाजी,” ती म्हणाली. “रतनचा काई दोष न्हाई. सरकारचाबी न्हाई. माज्या पोरीलाबी तोच आजार हाय, आन् पोराच्या गोळ्या म्या तिला वाटून दिल्या. ठाण्यात जायचं, तर मला घेऊन चला.”

तानाजीरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि बराच वेळ ती हातात तशीच फिरवत राहिले. “घरी जा, केसरकाकी,” शेवटी ते म्हणाले. दुपारच्या आत गेवराईहून सुपारी परत आली. फोनवरच मोडली त्यांनी, दारात कुणी आलं नाही.

सायलीला प्रणिताने बीडला दाखल केलं. तिच्या बेडक्याचं उत्तर संगमेश्वरने फोन करून सांगितलं तेव्हा त्याच्या बोलण्यात नेहमीची कुतूहलाची धार नव्हती. सायलीचे जंतू बेडाक्विलिन आणि क्लोफाझिमिनला निर्ढावले होते. लिनेझोलिड आणि लेव्होफ्लॉक्सॅसिनने मात्र अजून मरत होते. अंगदच्या अगदी उलट. भावाला वाचवू शकली असती ती औषधं बहिणीच्या पोटात जात राहिली, आणि बहिणीच्या कामाची भावाच्या. एकाच्या तरी पोटात चारही गेली असती, तर तो एक बहुधा वाचला असता. दुसऱ्यासाठी दवाखान्यात वेगळी होतीच की. फुकटच मिळत होती. फक्त नाव सांगायचं होतं.

प्रणिताने उरलेल्या दोन औषधांना जुनी, कडक, अंगाला सोसायला अवघड अशी आणखी काही जोडली. रोज एक इंजेक्शनही. “होईल ना बरी?” रतनबाईने विचारलं. “होऊ शकते,” प्रणिता म्हणाली. त्याहून जास्त बोलायची तिची तयारी नव्हती.

पोरगी दवाखान्यातून घरी आली, तेव्हा आईशी बोलत नव्हती. भांडण नाही, आदळआपट नाही. आईने वाढलेलं जेवायची, आईने अंथरलेल्यावर झोपायची, पण बोलायची नाही. इंजेक्शन द्यायला उपकेंद्राची नर्स यायची. रतनबाई रोज सकाळी येऊन गोळ्या मोजून तळहातावर ठेवी आणि शेवटची घशाखाली जाईपर्यंत समोरून हलत नसे. केसरबाई तेव्हा चुलीकडे तोंड करून बसायची. गोळ्यांच्या पिशवीला तिने पुन्हा हात लावला नव्हता.

प्रणिता महिन्याच्या तपासणीला गेली, त्या सकाळी असंच चाललं होतं. सायलीचं वजन थोडं वाढलं होतं. रंग तसाच होता, तो उतरायला वेळ लागतो. रतनबाईने गोळ्या काढल्या. सायलीने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

“आईला देऊ दे,” ती म्हणाली.

केसरबाईने वळून पाहिलं. कितीतरी दिवसांनी पोरीच्या तोंडून तिने ‘आई’ ऐकलं होतं. ती उठली. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. रतनबाईने गोळ्या तिच्या ओंजळीत ओतल्या आणि ती लेकीसमोर उकिडवी बसली. तिच्या ओंजळीतून एक गोळी घरंगळून जमिनीवर पडली. सायलीने ती उचलली, ओढणीला पुसली आणि आईच्या हातात परत ठेवली.

मग एकेक करून सगळ्या गिळल्या. शेवटची मोठी होती, घशात अडकली. केसरबाईने तांब्या तिच्या ओठांना लावला आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ धरून ठेवली, लहान लेकराची धरतात तशी.

सायलीने पाणी पिऊन तोंड पुसलं. आईकडे पाहिलं.

“दादाला पण अशाच द्यायच्या व्हत्या गं, आई.”

“व्हय,” केसरबाई म्हणाली. पाठीवरचा हात तिने काढला नाही, आणि पोरीनेही तो झटकला नाही. “व्हय, बाई.”